पहिली तलवार विकत घेऊ नका

परवा वाचनालयाच्या पायऱ्यांवर आमच्या मास्तरांनी मला चारचौघांदेखत गाठलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मास्तरांची छडी अजून जिभेवर आहे. म्हणाले, "ऐकतो ते खरं का रे? मराठी घेऊन बी. ए. झालास, सरकारी नोकरी आहे, मुलगी कॉलेजात जायची वेळ आली, आणि तू संध्याकाळी पडवीत बसून दिव्याच्या तलवारी करतोस म्हणे! ह्या परक्या पोरखेळापेक्षा चार ओळी लिहिल्या असत्यास तर भाषेची सेवा तरी झाली असती."

लोक हसले. मीही हसलो. (कारकुनाला वरिष्ठांसमोर हसायची सवय असतेच.) पण घरी पोचेपर्यंत डोकं तापलं होतं. तर मास्तर, तुम्ही मागितल्या त्या चार ओळी ह्या घ्या. थोड्या जास्त होतील.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. १९७७ साली 'स्टार वॉर्स' नावाचा अमेरिकन सिनेमा आला. त्यातले योद्धे लाइटसेबर घेऊन लढतात. हातात नुसती धातूची मूठ. बटण दाबलं की तिच्यातून हातभर लांब उजेडाचं पातं निघतं आणि घुमल्यासारखा आवाज येतो. मी १९९९ साली, कॉलेजात असताना, त्याच मालिकेतला नवा सिनेमा पाहिला आणि ते पातं डोक्यात राहिलं ते राहिलंच. ही वस्तू खरोखर हातात धरता येईल अशी करायची, हा जगभर अनेकांचा छंद आहे. मूठ, तिच्यात सेल, बटण, छोटा स्पीकर आणि आवाजाचा बोर्ड. वर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक नळी आणि नळीत एलईडी. दोन वर्षांत माझ्या तीन झाल्या. पहिली पेटलीच नाही, ते पुढे सांगतो.

आता 'परकं' ह्या शब्दाकडे वळू. सिनेमा परका, कबूल. पण ती पहिली तलवार केली कशी, हे मास्तरांनी कधी विचारलं आहे का? रॉजर ख्रिश्चन नावाच्या सेट सजवणाऱ्या माणसाला लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानात जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा मिळाला. त्याने त्यावर रबराच्या पट्ट्या गोंदाने चिकटवल्या, आणि झाली नायकाची तलवार! म्हाताऱ्या योद्ध्याच्या तलवारीत तर विमानाच्या इंजिनाचा तुकडा, जुन्या रायफल ग्रेनेडचा भाग आणि चक्क नळाची चावी आहे. पातं म्हणजे चमकणारा कागद लावलेली काठी. त्यावरचा उजेड नंतर फिल्मवर एकेका चित्रात रंगवला. आणि तो आवाज? बेन बर्ट ह्या ध्वनीवाल्याने सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर घेतली आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ तुटक्या वायरीचा माइक नेल्यावर होणारी गुणगुण तिच्यात मिसळली.

भंगार, गोंद, नळाची चावी. हे वाचल्यावर मला हॉलीवूड आठवलं नाही, माझे वडील आठवले.

आमच्या गावी जत्रेला ऐतिहासिक नाटक होतं. पहाटेपर्यंत चालतं. त्या नाटकाच्या तलवारी वर्षानुवर्षं वडील करायचे. शिवणाची फळी घ्यायची, रंध्याने धार काढायची, पॉलिश पेपरने घासायची, वर चंदेरी कागद लावायचा, मुठीला सुतळी गुंडाळून सोनेरी रंग द्यायचा. बाजारातल्या तलवारीत नसलेली एक गोष्ट त्यांच्या तलवारीत असे. कागदाखाली कुठेतरी ते पत्र्याची पट्टी ठोकायचे. तलवारीवर तलवार पडली की खण्ण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. मास्तर, तुम्हीही त्या नाटकांत कामं केलेली आहेत. हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी रंध्याला हात लावला की वडील म्हणायचे, "ते ठेव. तू पुस्तक घे." मीही घेतलं. पुढे कॉलेजात मित्रांनी विचारलं, वडील काय करतात? मी शेती सांगितली, तलवारी सांगितल्या नाहीत. लाज वाटली. वडील गेले त्याला बारा वर्षं झाली, रंधा गंजला, आणि आता नाटकाच्या तलवारी ड्रेपरीबरोबर भाड्याने येतात. हलक्या, एकसारख्या, मुक्या.

माझं भांडण मास्तरांशी आहे ते इथे आहे. आमच्या शिकलेल्या मराठी घरांनी हाताच्या कामाला खालच्या पायरीवर बसवलं. हात काळे न होणं म्हणजे प्रगती, असं आम्हाला कोणी तोंडाने शिकवलं नाही, पण आम्ही शिकलो. आणि वर भाषेची सेवा! मला चंद्राची पंधरा नावं पाठ आहेत. कानस, पटाशी, सामता हे शब्द मी फक्त कोशात वाचलेले. वस्तू समोर ठेवली असती तर ओळखली नसती. 'डाख' हा शब्द आजीच्या तोंडी होता. फुटक्या भांड्याला डाख लावायची. मी तो जुना, मेलेला शब्द समजत होतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा सोल्डरिंगची कांडी हातात धरली, कथील वितळून तारेवर चढलं, आणि लक्षात आलं की आजीचा डाख तो हाच. शब्द मेला नव्हता, आम्ही काम टाकलं होतं. आता सांगा, सेवा कुठली?

आणि पोरखेळाचं म्हणाल, तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर पोरं नरकासुर करतात. लोखंडी सांगाडा, आत गवत, वर कागद, हात हलायला मोटर, डोळ्यांत लाल एलईडी. त्या स्पर्धेला मास्तर, तुम्ही परीक्षक म्हणून शाल घेऊन बसता! तिथे दिवा पेटला तर संस्कृती आणि माझ्या पडवीत पेटला तर पोरखेळ? फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ साली लाइटसेबरच्या लढतीला अधिकृत प्रकार म्हणून मान्यता दिली. मला त्या मान्यतेचं फारसं कौतुक नाही, पण ज्यांना परक्या शिक्क्याशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी नोंदवून ठेवतो.

असो. दुसरं भांडण तरुण मंडळींशी. माझ्या तलवारी पाहून मुलं घरी येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "काका, तयार कुठे मिळते?" दुसरा, "बोर्ड कुठला घालू?" अरे बाबांनो, तयार तलवार घेतलीत तर तुमच्याकडे फक्त तलवार येईल. आणि महागड्या बोर्डाने सुरुवात केलीत तर पहिल्याच रविवारी तो जाळाल. मी जाळला आहे. सेलची तार उलटी जोडली, बारीकसा धूर आला, आणि पगारातला बरा हिस्सा पडवीतून नारळाच्या झाडाकडे गेला. पहिली पेटली नाही ती ही.

सुरुवात एका एलईडीने करा. एक मोठ्या ताकदीचा लाल एलईडी, एक बटण, एक १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून हे नाव), सेलचा होल्डर आणि एक रेझिस्टर. नळी सोडली तर सगळं रविवारच्या इसवणापेक्षा स्वस्तात होतं. ओहमचा नियम मी शाळेत पाठ करून विसरलो होतो, तो इथे उपयोगी पडला. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. लाल एलईडीला साधारण २.२ लागतात. उरलेले २ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. विजेचा प्रवाह ३५० मिलिअँपिअर हवा असेल तर २ भागिले ०.३५, म्हणजे ५.७ ओहम. बाजारात ६.८ सहज मिळतो, तो लावा; प्रवाह थोडा कमी होईल, एलईडी जास्त टिकेल. रेझिस्टर एक वॉटचा घ्या, बारीक पाव वॉटचा तापून काळा पडतो. एलईडी धातूच्या चकतीवर बसवा, उष्णता निघून जायला. वर भिंग लावा, आणि नळीच्या आत भेटवस्तू गुंडाळायचा पारदर्शक कागद गोल करून सरकवा, म्हणजे उजेड टोकापर्यंत सारखा पसरतो.

मुठीसाठी हार्डवेअरच्या दुकानात जा. वॉश-बेसिनखालचा चकचकीत पाईप उत्तम. आमच्या दुकानदाराने मला तीन वेळा विचारलं, "सायबा, न्हाणीघर खंयचें?" चौथ्यांदा मी खरं सांगितलं, तर त्याने आतून जुन्या नळाच्या चार चाव्या फुकट आणून दिल्या. रॉजर ख्रिश्चनला लंडनमध्ये ह्याहून काय वेगळं मिळालं?

नळी मात्र ॲक्रिलिकची घेऊ नका. ती आपटली की धारदार तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेटच हवी, एक इंच जाडीची. इथे सहज मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते.

सेलबद्दल अजून एक. वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला १८६५० दिसला तर ती शुद्ध कविता समजा. ह्या आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. सेलच्या टोकांवर थेट डाख देऊ नका, होल्डर वापरा. चार्जर लिथियमचाच हवा आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. इथे थट्टा नाही, लिथियम सेल शॉर्ट झाला तर आग लागते.

पहिली पेटली की मग दुसरीत पिक्सेलची पट्टी घाला, म्हणजे पातं खालून वर चढताना दिसेल. मीटरला १४४ एलईडीची पट्टी मिळते. दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून ९० सेंटिमीटर पात्यात २६० च्या आसपास दिवे होतात. प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा पेटवला तर ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. गुणाकार करा, १५ अँपिअर! मी गुणाकार न करता पांढरा लावला. पातं अर्धं चढलं आणि बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या तलवारीला उचकी लागली." निळा एकटा लावला की एक तृतीयांशात भागतं. गणित तिने केलं, डाख मी दिला. तिसरी तलवार तिची आहे, मूठही तिनेच घासली. तिला मी "पुस्तक घे" म्हटलेलं नाही.

आणि मास्तर, येत्या जत्रेच्या नाटकाच्या तलवारी मी करतो असं मंडळाला सांगून आलो आहे. घाबरू नका, मावळ्यांच्या हाती दिवे देणार नाही. शिवणाच्याच करणार. फळी आणली, रंध्याचा गंज काढला. फक्त ती पत्र्याची पट्टी वडील नेमकी कुठे ठोकायचे, पाठीला की मुठीजवळ, ते मला माहीत नाही, कारण मी तेव्हा पुस्तक वाचत होतो. तुम्ही संभाजी करायचात. त्यांची तलवार तुमच्या हातात होती. आठवत असेल तर रविवारी पडवीत येऊन दाखवाल का?