नजरगहाण

आमचे एक जुने साहेब आहेत. मी प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून बँकेत लागलो तेव्हा ते शाखाधिकारी होते. आज वय ऐंशीच्या घरात, पण कान आणि शंका दोन्ही शाबूत. महिन्यामागे त्यांचा फोन आला. त्यांचा नातू अमेरिकेत, व्हर्जिनियात असतो. वय वीस, विषय राज्यशास्त्र. तिथल्या एका कॉन्झर्व्हेटिव्ह संस्थेच्या उन्हाळी फेलोशिपसाठी त्याची निवड झाली होती. काही आठवडे राहणे-जेवणे, विमानाचे भाडे, वर हातखर्चाला पैसे. काम काय, तर जुने ग्रंथ वाचायचे आणि मोठ्या माणसांच्या पंगतीला बसायचे. "अरे, तू कादंबऱ्या लिहितोस, तुला ठाऊक असेल," साहेब म्हणाले. "हे लोक व्याज घेत नाहीत, जामीनदार मागत नाहीत, मुद्दलसुद्धा परत नको म्हणतात. मग यांचं तारण काय?"

आयुष्यभर कर्जाच्या फायली चाळलेल्या माणसाचा हा प्रश्न. मला तो टाळता येईना.

कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दाला मी मुद्दामच मराठी प्रतिशब्द वापरत नाही. 'पुराणमतवादी' म्हटले की आपल्यासमोर शेंडी आणि सोवळे उभे राहते. अमेरिकेतले प्रकरण निराळे आहे. कमी कर, लहान सरकार, चर्च आणि कुटुंब, पूर्वी कम्युनिझमचा विरोध, असे त्याचे साधारण रसायन. दुसऱ्या महायुद्धानंतर हे रसायन विद्यापीठांतून जवळजवळ हद्दपार झाले होते. असे विचार असणारा विद्यार्थी वर्गात एकटा पडे. फ्रँक चोडोरोव या पत्रकाराने १९५० मध्ये मांडले की, हे बदलायला पन्नास वर्षांची योजना हवी आणि ती कॉलेजातून सुरू व्हायला हवी. ही युक्ती त्याने शत्रूकडूनच उचलली होती. १९०५ साली अप्टन सिंक्लेअर, जॅक लंडन प्रभृतींनी कॉलेजातल्या मुलांसाठी समाजवादी मंडळ काढले होते. चोडोरोवने १९५३ मध्ये त्याचा उलटा आरसा उभा केला. आज ती संस्था इंटरकॉलेजिएट स्टडीज इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. तिचा पहिला अध्यक्ष विल्यम बकली तेव्हा तिशीचाही नव्हता.

पुढे या संस्थेने रिचर्ड वीव्हर या प्राध्यापकाच्या नावाने फेलोशिप सुरू केली. ती घेऊन एडविन फ्युलनर नावाचा एक तरुण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला. परत येऊन त्याने १९७३ मध्ये पॉल वेरिक यांच्यासह वॉशिंग्टनमध्ये हेरिटेज फाउंडेशन स्थापन केले. बिअरचे कारखानदार जोसेफ कूर्स यांनी त्यासाठी अडीच लाख डॉलर दिले. १९७७ पासून २०१३ पर्यंत फ्युलनरच अध्यक्ष होते. २०२५ मध्ये ते वारले. १९८१ मध्ये रेगन सत्तेवर आले तेव्हा हेरिटेजने सरकार कसे चालवावे याचा जाडजूड आराखडा त्यांच्या हाती ठेवला. त्याच नावाचा नवा आराखडा २०२३ मध्ये निघाला. त्याच्या जोडीला नेमणुकीसाठी योग्य माणसांची यादी आणि त्यांना शिकवण्याचे वर्गही होते. हाच तो 'प्रोजेक्ट २०२५'. एका विद्यार्थ्याला दिलेले पैसे कुठवर पोचतात ते पाहा. फेलो मोठा झाला, त्याने संस्था काढली आणि ती संस्था आता पुढचे फेलो घडवते. चक्रवाढ व्याज याहून वेगळे काय असते?

मॉर्टन ब्लॅकवेल हे असेच दुसरे नाव. १९६४ च्या अधिवेशनात ते गोल्डवॉटर यांचे सर्वांत तरुण निर्वाचित प्रतिनिधी होते. गोल्डवॉटर पन्नासपैकी सहा राज्ये जिंकून आडवे झाले. त्या पराभवातून ब्लॅकवेल यांनी धडा घेतला की नुसते खरे असून भागत नाही, कसब लागते. १९७९ मध्ये त्यांनी लीडरशिप इन्स्टिट्यूट काढली. तिथे प्लेटो वगैरे नाही. पत्रक कसे लिहावे, कॅमेऱ्यासमोर कसे बसावे, कॉलेजात वर्तमानपत्र कसे काढावे हे शिकवतात. हजारो मुले तिथून शिकून गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँट इन्स्टिट्यूटने पब्लियस फेलोशिप सुरू केली. तिथे मात्र राज्यघटना, फेडरलिस्ट निबंध आणि लिंकनची भाषणे. आर्कान्सॉचे सिनेटर टॉम कॉटन तिथलेच.

या सगळ्याला पैसा कुठून आला, हे विचारायला बँकवाल्याला लाज वाटत नाही. एक उदाहरण जॉन ऑलिन यांचे. दारूगोळा आणि रसायनांचे हे कारखानदार कॉर्नेल विद्यापीठाचे जुने विद्यार्थी. तिथे १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी बंदुका घेऊन इमारत अडवली, ते पाहून ते हादरले. त्यांच्या प्रतिष्ठानने जवळपास ३७ कोटी डॉलर वाटले आणि २००५ मध्ये ठरल्याप्रमाणे दुकान बंद केले. ऑलिन यांची सक्त इच्छाच होती की, पैसे आपल्या विचारांच्या लोकांच्या हातून एका पिढीत संपावेत. त्यातला काही पैसा १९८२ मध्ये येलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी भरवलेल्या एका परिषदेला मिळाला. तिच्यातून फेडरलिस्ट सोसायटी उभी राहिली. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. तेव्हा नऊपैकी सहा न्यायमूर्ती असे होते की ज्यांचे या सोसायटीशी कधी ना कधी नाते जुळले होते. परिषद ते निकाल, चाळीस वर्षे. इतक्या मुदतीचे कर्ज आमच्या कुठल्याही झोनल ऑफिसने मंजूर केले नसते.

आता साहेबांच्या प्रश्नाकडे येतो. मुलांना विकत घेतले जाते, अशी टीका डावीकडून सर्रास होते. मला ती उथळ वाटते. एकोणीस वर्षांच्या पोराची मते बदलायला कोणी धनादेश लिहीत नाही. मते त्याची आधीच तशी असतात. फेलोशिप त्याला देते ती सोबत. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात परक्राम्य संलेख अधिनियमावर तीन आठवडे व्याख्याने झाली, त्यातले एक कलम आज आठवत नाही. आठवतात ते खोलीतले चौघे. तीस वर्षे त्यांच्या एकेका फोनवर फायली हलल्या, बदल्या थांबल्या. हा भ्रष्टाचार नव्हता, बॅच होती. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला अशी बॅच मिळणे म्हणजे काय, हे ज्याने एकटेपण भोगले त्यालाच कळेल.

या सोबतीने आयुष्य कसे बेतले जाते याचा एक नमुना तर आपल्याच गावचा आहे. दिनेश डिसूझा, जन्म मुंबई, १९६१, आईवडील गोव्याचे. १९७८ मध्ये रोटरीच्या विद्यार्थी-अदलाबदलीतून मुलगा अमेरिकेत गेला, पुढे डार्टमथ कॉलेजात दाखल झाला. तिथे 'डार्टमथ रिव्ह्यू' हे कॉन्झर्व्हेटिव्ह पत्र १९८० मध्ये निघाले होते. तो त्याचा संपादक झाला. मग हेरिटेजच्या नियतकालिकात संपादन, १९८७ मध्ये रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरी, नंतर अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूटमध्ये ऑलिन यांच्याच नावाची फेलोशिप. तिथे बसून लिहिलेले विद्यापीठांवरचे पुस्तक १९९१ मध्ये गाजले. तिशीत हे सगळे! इथल्या हुशार मुलाला त्या वयात कायम नोकरीचे पत्रही मिळत नाही. पुढे २०१४ मध्ये निवडणूक देणग्यांचा कायदा मोडल्याची त्यांनी न्यायालयात कबुली दिली. दुसऱ्यांच्या नावाने त्यांनी वीस हजार डॉलर दिले होते, ते सिनेटच्या एका उमेदवाराला. ती त्यांची डार्टमथची मैत्रीण. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. २०२२ मध्ये त्यांनी अध्यक्षीय निवडणुकीत घोटाळा झाल्याचा चित्रपट काढला. २०२४ मध्ये त्याच्या वितरक कंपनीने तो मागे घेऊन माफी मागितली आणि पाठोपाठ डिसूझांनीही काही भागाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. चढ आणि उतार दोन्ही एकाच जिन्याने.

बँकेत एक प्रकार असतो, नजरगहाण. सोने तारण ठेवले तर ते बँकेच्या तिजोरीत जाते. नजरगहाणात तसे नाही. यंत्र कारखानदाराच्याच शेडमध्ये राहते, रोज चालते, रोज कमावते. फक्त त्यावर पाटी असते, 'अमुक बँकेकडे नजरगहाण'. चालवताना ती पाटी मालकाच्या डोळ्यांनाही दिसेनाशी होते. यंत्र दुसऱ्याला विकायला काढले, तेव्हाच ती दिसते.

डेव्हिड फ्रम यांना ती २०१० मध्ये दिसली. ओबामांच्या आरोग्य विधेयकाला सरसकट विरोध करण्याचे रिपब्लिकन धोरण पराभवाचे ठरले, असे त्यांनी लिहिले आणि काही दिवसांतच अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूटमधली त्यांची पगारी जागा संपली. संस्थेने टीकेशी त्याचा संबंध नाकारला. ब्रूस बार्टलेट रेगन यांच्या काळातले अर्थतज्ज्ञ. त्यांनी धाकट्या बुशवर टीकेचे पुस्तक लिहिले आणि २००५ मध्ये टेक्सासमधल्या धोरण-संस्थेतली नोकरी गमावली. ही दोन्ही माणसे पन्नाशीच्या आसपासची, नावाजलेली. तिशीतल्या माणसाचे काय होत असेल?

मला त्याहून अवघड वाटते ते २०१६ नंतरचे. ज्यांना तरुणपणी मुक्त व्यापार आणि रशियाविरोध हीच कॉन्झर्व्हेटिव्ह निष्ठा म्हणून शिकवली गेली, त्यांच्या डोळ्यांदेखत संस्थांनीच मते बदलली. आयातकर चांगले झाले. २०२२ मध्ये युक्रेनला मदतीच्या विधेयकाला हेरिटेजने विरोध केला. 'वीकली स्टँडर्ड' हे जुन्या धाटणीचे साप्ताहिक २०१८ च्या डिसेंबरात बंद पडले. जे बदलले त्यांचे बस्तान राहिले. जे जागचे हलले नाहीत ते घराबाहेर. गहाण विचारापाशी असते तर असे झाले नसते.

आणि ज्याने खरोखरच मन बदलले तो? डेव्हिड ब्रॉक हेरिटेजचा फेलो होता. अनिता हिल यांच्यावर चिखलफेक करणारे पुस्तक त्याने १९९३ मध्ये लिहिले. नंतर ते चुकीचे होते असे कबूल केले आणि २००२ मध्ये कबुलीजबाबच छापला. २००४ मध्ये त्याने उजव्या माध्यमांवर पाळत ठेवणारी संस्था काढली, दुसऱ्या बाजूच्या देणगीदारांच्या पैशावर. पाटी बदलली.

आपल्या गोखल्यांनी १९०५ मध्येच पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्यातल्या सभासदाला निर्वाहापुरते पैसे मिळत, पण आत येताना सात शपथा घ्याव्या लागत. कडक होत्या त्या, पण उघड होत्या. आपण काय गहाण टाकतो आहोत हे माणसाला पहिल्या दिवशी ठाऊक असे. अमेरिकन फेलोशिपमध्ये शपथ नसते, हे तिचे सौजन्य आणि तीच तिची मेख. डाव्या बाजूलाही प्रतिष्ठाने आहेत, फेलोशिप आहेत, मते बदलल्यावर पाठ फिरवणारे मित्र आहेत. पण तिथल्या तरुणाला विद्यापीठाचा आसरा असतो, एक दार बंद झाले तर दुसरे उघडते. कॉन्झर्व्हेटिव्ह मुलाला दारेच मोजकी, आणि ती सगळी एकाच वाड्यात. म्हणून त्याचे गहाण अधिक जड.

हे सगळे मी साहेबांना सांगितले, एवढ्या विस्ताराने नव्हे. ते म्हणाले, "म्हणजे पाठवू नको म्हणतोस?" मी म्हटले, "नाही साहेब, जाऊ द्या त्याला." वीस वर्षांच्या मुलाला कोणी फुकट लिंकन वाचायला देत असेल तर अडवणारे आपण कोण? फक्त त्याने राज्यशास्त्राच्या जोडीला आणखी काही शिकावे, पोटापुरते. हिशेब, कायदा, सुतारकामसुद्धा चालेल.

परवा साहेबांनी फोटो पाठवला. दहा-बारा मुले-मुली, गळ्यात ओळखपत्रे, नातू मागच्या रांगेत. खाली त्यांनी लिहिले होते, 'हिशेबाचा क्लास लावायला तयार नाही. म्हणतो, आता गरज नाही.'