पुस्तक घेतले, की वाचण्याची परवानगी?

गेल्या पंधरवड्यात आम्ही खानापूर तालुक्यातील एका वृद्ध गुरुजींच्या घरी गेलो होतो. दृष्टी अधू झाल्यामुळे दोन वर्षे त्यांचे पुस्तकांचे कपाट बंदच होते. आता पुण्यास नोकरी करणाऱ्या नातवाने त्यांना पाटीसारखे एक वाचनयंत्र आणून दिले आहे. हरभऱ्याएवढे अक्षर करून गुरुजी ओसरीवर वाचीत बसले होते. त्यांचा आनंद पाहून आम्हांसही धन्यता वाटली. परंतु चहा घेता घेता त्यांनी दोन प्रश्न केले. "फादर, ह्यात कागद नाही, छपाई नाही, बांधणी नाही, मग किंमत एवढी कशाची? आणि माझ्यामागे ही पुस्तके कोणाची?"

वाचकहो, हे प्रश्न उद्या आपल्याही घरी निघतील. म्हणून त्यांचा येथे विचार करू.

हे यंत्र मोबाईलहून निराळे आहे. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असून प्रत्येकीत काळे व पांढरे कण असतात. विजेच्या योगे काळे कण वर आले की अक्षर उमटते. उमटलेले पान टिकविण्यास वीज लागत नाही. ती मुख्यतः पान उलटताना खर्च होते. म्हणूनच एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते, आणि भर उन्हातही ते वाचता येते.

आता किमतीविषयी. कागद व छपाई हा किमतीचा केवळ एक भाग होय. लेखकाचे मानधन, संपादन, मुद्रितशोधन, विक्रेत्याचा वाटा हे खर्च कागद गेला तरी उरतातच. शिवाय किंमत कोणी ठरवावी, हाही वाद आहे. अमेरिकेत 2007 साली ॲमेझॉनने 'किंडल' हे यंत्र 399 डॉलरांस विक्रीस आणले आणि पुष्कळशी नवी, गाजलेली पुस्तके 9.99 डॉलरांस देऊ केली. अशाने छापील पुस्तकाचे मोल उतरेल, असे भय प्रकाशकांस वाटले. 2010 साली पाच मोठ्या प्रकाशकांनी ॲपलशी करार करून किमती आपल्या हाती घेतल्या, आणि कित्येक पुस्तके 12.99 वा 14.99 डॉलरांवर गेली. 2012 साली सरकारने खटला भरला, व हे संगनमत बेकायदेशीर असल्याचा निकाल 2013 साली न्यायालयाने दिला. आपल्याकडे करही पाहावा लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. डिजिटल पुस्तकावर मात्र तो 18 टक्के होता. ज्याची छापील आवृत्तीही आहे, अशा पुस्तकापुरता 2018 साली तो 5 टक्के करण्यात आला.

गुरुजींचा दुसरा प्रश्न अधिक गहन आहे. किंडलच्या अटींत स्पष्ट लिहिले आहे की, पुस्तक विकले जात नाही. वाचण्याचा परवाना तेवढा दिला जातो. तो परवाना दुसऱ्यास विकता येत नाही, की नातवाच्या नावे करता येत नाही. 2009 साली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके, ज्याने विक्रीस ठेवली त्याला तो हक्कच नव्हता म्हणून, ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकण्यात आली. पैसे परत मिळाले, कंपनीने क्षमाही मागितली. परंतु विकत घेतलेली वस्तू घरातून अशी नाहीशी होऊ शकते, हे जगाने पाहिले.

येथे आम्हांस फादर स्टीफन्स ह्यांच्या क्रिस्तपुराणाचे स्मरण होते. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले, 1649 व 1654 साली पुन्हा छापले गेले. तरी त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो हाताने उतरवून काढलेल्या व पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या प्रतींमुळे. अशाच हस्तलिखितांवरून 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा छापण्यात आला. उतरवून घेण्यास आणि पुढे देण्यास मनाई असती, तर आपल्या हाती काय आले असते?

म्हणून यंत्राचा धिक्कार करावा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अधू दृष्टीस त्याने अक्षर परत दिले, हे थोडे नव्हे. शिवाय ज्यांच्या लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली, अशा पुस्तकांवर आपल्या देशात सामान्यतः कोणाचा हक्क राहत नाही. त्यांतील पुष्कळशी यंत्रावर विनामूल्य वाचता येतात. एकदा वाचून बाजूस ठेवण्याचे पुस्तक स्वस्त मिळत असेल तर यंत्रावर घ्यावे. परंतु जे नातवंडांच्या हाती जावे असे वाटते, ते कागदावरच घ्यावे.

आम्ही हे सांगितले तेव्हा गुरुजी हसले, आणि कपाटाची किल्ली त्यांनी नातवाच्या हाती दिली.