नानांच्या ट्रंका आणि माझी वेबसाइट

पुण्याहून सोलापूरला निघालं की टेंभुर्णीनंतर मोडनिंब लागतं. बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत. मी थांबतो, कारण माझे थोरले काका, म्हणजे नाना, तिथे राहतात. मास्तरकीतून निवृत्त झालेत. घरात पत्र्याच्या तीन ट्रंका भरून 'जमवलेलं' आहे: पोस्टाची तिकिटं, पहिल्या दिवसाची पाकिटं, नाणी, काड्यापेट्यांची लेबलं. आणि आजोबांच्या पंढरपूरच्या वाऱ्यांची रेल्वे तिकिटं, जुनी, जाड पुठ्ठ्याची. (उतरल्यावर तिकीट परत द्यायचं असतं. आजोबांनी काही दिलेली दिसत नाहीत!)

ही तिकिटं १९६० च्या दशकातली, बार्शी लाइटच्या रुळांवरची. ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ साली ती सरकारकडे गेली, पण लोकांच्या तोंडी नाव बार्शी लाइटच राहिलं. मोडनिंब त्याच वाटेवरचं स्टेशन.

नानांची मुलं बंगळूरला. त्यांना यात रस नाही. दिवाळीत नाना म्हणाले, "माझ्यामागं हे सगळं रद्दीत जाणार बघ. त्यापेक्षा ज्याला कळतंय त्याच्या घरी जाऊ दे." मी म्हटलं, "नाना, वेबसाइट काढू आपली. दोन वीकेंडचं काम."

दोन वीकेंडमध्ये साइट झालीसुद्धा. आणि दोन महिने एकही नग विकला गेला नाही.

चूक माझी होती. एका तिकिटाचा कोपरा फाटलेला होता, तो मी फोटोत कापून टाकला आणि वर लिहिलं, 'अतिशय दुर्मिळ!' नागपूरच्या एका गृहस्थांनी मागच्या बाजूचा फोटो मागितला. पाठवला, तर त्यांचं उत्तरच आलं नाही. नानांना हे कळल्यावर ते माझ्यावर जाम भडकले. "फाटलंय तर फाटलंय म्हण की. दडवायचं कशाला? आणि दुर्मिळ हाय हे तुला कुणी सांगितलं?"

मग त्यांनी स्वतः वर्णनं लिहून दिली. कोपरा कुठे फाटलाय, मागे शाईचा डाग आहे, तिकीट घरात कसं आलं. भाव निम्मा केला. आठवड्यात ते तिकीट गेलं. घेतलं कुणी? त्याच नागपूरच्या गृहस्थांनी.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जुन्या वस्तूंच्या धंद्यात वेबसाइट म्हणजे दुकान नव्हे, तो आपला शब्द असतो. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन बघू शकत नाही. त्यामुळे दोष आपणच आधी सांगायचा. दोन्ही बाजूंचे फोटो, मापं, नाण्याचं वजन. आणि नाणं घासूनपुसून चकचकीत करायचं नाही, त्याने किंमत उतरते.

दुसरं असं, की नेहमीच्या ऑनलाइन दुकानात माल संपला की नवीन मागवतात. इथे प्रत्येक नग एकच. म्हणून विकलेल्या वस्तूचं पान मी काढत नाही. 'विकलं' असं लिहून भावासकट ठेवतो. पुढे कुणीतरी तीच वस्तू शोधत येतो, जुना भाव बघतो, आणि हा माणूस थापा मारत नाही हे त्याला दिसतं.

मोठ्या साइटवर का नाही? गर्दी तिथेच असते, हे खरंच आहे. आपल्या साइटवर सुरुवातीला चिटपाखरू फिरकत नाही. पण आठवून बघा: २००४ साली ईबेने आपली बाझी डॉट कॉम विकत घेतली, आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. विक्रेत्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले चांगले शेरे दुसरीकडे नेऊन काय उपयोग? गर्दी भाड्याने मिळते, पत नाही. मोठ्या साइटवर विका जरूर, पण नोंदवही आपल्या घरी ठेवा.

एक गोष्ट मात्र आम्ही साइटवरून उतरवली: नानांच्या शिवराया. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. त्याचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. नाना म्हणाले, "बरं झालं. त्या मला विकायच्याच नव्हत्या."

आणि हो, 'पाच रुपयांच्या जुन्या नोटेचे लाखो मिळवा' असले व्हिडिओ बघून कुणाला आगाऊ पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आम्ही असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कमिशनही मागत नाही.

यातून पैसे किती मिळाले? पेट्रोलचा खर्च निघाला, एवढंच. पण परवा नागपूरच्या त्या गृहस्थांचा नानांना फोन आला. दोघं पाऊण तास बार्शी लाइटवर बोलत होते. फोन ठेवल्यावर नाना म्हणाले, "आता रद्दीत जायची भीती नाही."

असो. तिसरी ट्रंक अजून उघडायची आहे. तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी असेल. विकायचं नंतर बघा. जमवणारा माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसा, आणि कोणती वस्तू कुठून आली ते लिहून घ्या.