एकदा नोंदवा, निरोप घरी येईल



दवंडी चावडीपुढे व्हायची, तेव्हा रानात असलेल्याला ती ऐकू येत नसे. आता निरोपच माणसाला शोधत येतो. १६ जुलै २०१३ रोजी सुरू झालेल्या ‘एम-किसान’ने ही रीत घातली: शेतकऱ्याने आपले पीक आणि तालुका एकदा नोंदवायचा, मग मोबाइलवर सल्ला आपोआप येणार.

यातली मेख ध्यानात घ्या. यंत्र फक्त नोंद पाहते. औशाच्या सोयाबीनवाल्याला सोयाबीनचा निरोप, अर्धापूरच्या केळीवाल्याला केळीचा. नोंद चुकली तर सल्ला दुसऱ्याच पिकाचा येतो. नंबर बदलून कळवला नाही, तर निरोप जुन्याच नंबरावर जातो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान-सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. ‘मेघदूत’ अ‍ॅपवर आपला जिल्हा निवडला, की अंदाज आणि पीक-सल्ला मराठीत वाचता येतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हे तज्ज्ञ सांगतातच. पुढे उघडीप आहे हे आधी कळले, तर दुबार पेरणीचे बियाणे वाचते. पाऊस येणार कळले, तर फवारणीचे औषध वाहून जात नाही.

धनी रानात, फोन खिशात. म्हणून घरच्या लक्ष्मीचा नंबरही नोंदवा. निरोपाच्या नावाखाली कुणी ओटीपी किंवा पैसे मागितले, तर तो लबाड समजा. शंका असेल तर किसान कॉल सेंटरला, १८००-१८०-१५५१ वर, सकाळी ६ ते रात्री १० फुकट विचारा.