‘ओशन’ आणि तिच्या पांच भगिनी

१९१४ च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची पहिली तुकडी मुंबई बंदरांतून इराणी आखाताकडे निघाली, तेव्हां तिच्या राखणीस ‘ओशन’ नांवाची ब्रिटिश युद्धनौका होती. त्या तुकडींत ११७ वी मराठा पलटण होती. कूतच्या वेढ्याची हकीकत वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु वाट राखणाऱ्या या नौकेचें पुढें काय झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तेंच सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कनोपस, ग्लोरी, अल्बियन, ओशन, गोलायथ व व्हेंजन्स अशा या सहा भगिनी. प्रत्येकीचें वजन सुमारें १३,००० टन, मुख्य तोफा १२ इंची चार, आणि वेग ताशीं १८ सागरी मैल. १८९९ ते १९०२ या काळांत त्या सज्ज झाल्या. पण १९०६ सालीं १२ इंची दहा तोफांची, २१ मैल वेगाची ‘ड्रेडनॉट’ पाण्यांत उतरली, आणि या सहाही नौका ऐन उमेदींत वृद्ध ठरल्या. पुढें महायुद्ध पेटल्यावर पहारा, राखण आणि किनाऱ्यावरील मारा, अशीं दुय्यम कामें त्यांच्या वांट्यास आलीं.

शत्-अल्-अरबच्या मुखाशीं गाळाचा उंचवटा असल्यामुळें ‘ओशन’ला आंत शिरतां येईना, ६ नोव्हेंबरला फाव येथें फौज उतरली ती लहान नौकांच्या आश्रयानें. पुढें १८ मार्च १९१५ रोजीं दार्दानेल्सच्या सामुद्रधुनींत, जायबंदी झालेल्या ‘इर्रेझिस्टिबल’च्या मदतीस गेली असतां, ‘ओशन’ पाणसुरुंगावर आदळून बुडाली. तिच्यावरील बहुतेक माणसें विनाशिकांनीं वांचविलीं. ‘गोलायथ’च्या कपाळीं तेवढेंही नव्हतें. १३ मेच्या मध्यरात्रीनंतर तुर्कांच्या ‘मुआवेनेत’ या छोट्या नौकेनें अंधाराचा फायदा घेऊन तिच्यावर पाणतीर सोडले, आणि ५७० माणसें समुद्रानें गिळलीं. ‘कनोपस’नें मात्र फॉकलंड बेटांच्या बंदरांत चिखलांत रुतून बसल्या जागेवरूनच ८ डिसेंबर १९१४ रोजीं जर्मन नौकांवर पहिले गोळे टाकले. युद्धांतून वांचलेल्या चौघी १९१९ ते १९२२ च्या दरम्यान मोडींत विकल्या गेल्या.

दार्दानेल्सला जुन्या नौका धाडण्यांत सरकारचा हिशेब असा होता कीं, त्या गेल्या तरी मुख्य आरमारास धक्का लागत नाहीं. हिशेब नौकांपुरता बरोबर होता. पण ‘गोलायथ’वरील खलाशी कांहीं जुने झालेले नव्हते! आणि ‘ओशन’नें सुखरूप पोंचविलेल्या आमच्या माणसांचें तरी काय झालें? १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूतला वेढल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौज शरण गेली, आणि कित्येकांस कैदेंतच मृत्यु आला.

आमच्या घरांतून समुद्रगमनास प्रायश्चित्त लागतें किंवा नाहीं, याचा शास्त्रार्थ एके काळीं मोठ्या हिरिरीनें चाले. मावळ-कोंकणांतील शेतकऱ्यांच्या मुलांस तो निर्णय कळण्याची सवडच मिळाली नाहीं. तीं हुकूम झाला तशीं जहाजावर चढलीं. घरांतील मुलांस या नौकांची हकीकत सांगाल, तेव्हां तोफांचे इंच सांगून थांबूं नका. त्यांच्यामागून गेलेल्या त्या पलटणींचे आंकडेही त्यांस सांगा.