आधी मोजा, मग गुण आला म्हणा

दारू सोडवायच्या पुड्या आपल्या वस्त्यांत सर्रास विकल्या जातात. जेवणातून गुपचूप द्या, पंधरा दिवसांत दारू सुटेल, असे विकणारा सांगतो. बाई उसनेपासने करून पुडी आणते. त्या आठवड्यात नवरा दोन दिवस न पिता घरी येतो आणि गल्लीभर होते, गुण आला! तो पुडीचा गुण होता, की त्या आठवड्यात त्याला काम नव्हते आणि खिशात पैसेच नव्हते, हे कोणी पाहत नाही. शिवाय माणूस उपाय शोधायला निघतो तो अगदी हद्द झाल्यावर. सगळ्यांत वाईट आठवड्यानंतरचा आठवडा जरा बरा जाण्याचीच शक्यता जास्त. त्याचे श्रेय पुडी खाते, बाबा खातो, गंडा खातो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, सवय बदलण्याच्या कुठल्याही उपायाचा गुण मोजल्याशिवाय मानू नये. त्याला हजार माणसांची पाहणी लागते असेही नाही. एकाच माणसावर, त्याची त्याच्याशीच तुलना करून हे तपासता येते. शास्त्रात ही रीत मान्य आहे.

तिचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे आहे. तिथल्या सगळ्यांत गरीब भागातल्या दोन प्राथमिक शाळांत व्हान्स हॉल, डायन लुंड आणि डेलोरिस जॅक्सन यांनी सहा मुलांचा अभ्यास केला. तो 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतला एक मुलगा तिसरीतला. वर्गात रबर ताणून उडवायचा, खिशातली खेळणी काढायचा, शाळेत मिळालेले दूध घोट घोट पीत बसायचा. आधी त्यांनी काहीच उपाय केला नाही. फक्त अर्धा अर्धा तास बसून, दर 10 सेकंदांना हा अभ्यास करतोय की नाही, एवढेच लिहिले. 25 टक्के वेळ अभ्यास निघाला. बाईंचे लक्ष त्याच्याकडे कधी जाते, तेही मोजले. 55 टक्के वेळा ते तो अभ्यास सोडून दुसरेच काही करत असतानाच गेलेले होते. म्हणजे बाई ओरडत होत्या, आणि मुलाला त्यांचे लक्ष मिळत होते.

मग एकच गोष्ट बदलली. तो अभ्यासाला लागला की बाईंनी जवळ जाऊन शाबासकी द्यायची, चाळे केले की तिकडे पाहायचे नाही. अभ्यास सरासरी 71 टक्क्यांवर गेला. आपण इथेच थांबलो असतो, पेढे वाटले असते. ते थांबले नाहीत. त्यांनी मुद्दाम शाबासकी बंद केली. अभ्यास 50 टक्क्यांवर उतरला. पुन्हा सुरू केली, तो 70 ते 80 टक्क्यांवर चढला. एकदा चढला तर योगायोग म्हणता येतो. चढला, उतरला, पुन्हा चढला, तेही नेमके उपाय चालू-बंद केला तेव्हाच, मग योगायोग म्हणायला जागा उरत नाही.

हा मुलगा तोच, घर तेच, गरिबी तीच. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या मुलांच्या बाबतीत पालकसभेत ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’, ‘घरचे वातावरणच तसे’ असे शिक्के पटकन बसतात. शिक्का मारण्याआधी कोणी आठ दिवस नोंद ठेवली होती का, हे आईबापांनी नम्रपणे पण जरूर विचारावे. साठ मुलांच्या वर्गात बाईंना दर 10 सेकंदांना लिहिणे जमणार नाही, हे खरे. वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढणे जमते.

घरातही जमते. मिश्री लावणाऱ्या बाईने पहिले दोन आठवडे काहीच सोडू नये. प्रत्येक वेळेला कॅलेंडरवर एक रेघ. दिवसाला सात वेळा निघाली, तर पुढची हद्द सहा. ती चार-पाच दिवस टिकली की मग पाच. आकडा दर वेळी हद्दीबरोबर पायरी-पायरीने उतरला, तर ठरवलेली हद्दच काम करतेय हे दिसते. याच हॉल यांनी हार्टमन यांच्यासोबत 1976 मध्ये या पायऱ्यांच्या रीतीवर लिहिले, त्यात सिगारेट कमी करणाऱ्या माणसाचेही उदाहरण होते. एकीला जे लागू पडले ते शेजारणीलाही पडेल असे मात्र समजू नये. तिची रेघ तिने मोजावी.

उपाय बंद करून पाहणे सगळीकडे चालत नाही. मूल स्वतःचे डोके भिंतीवर आपटत असेल आणि ते थांबले असेल, तर पुन्हा आपटते का हे पाहायला कोणी उपाय काढत नाही. टीबीच्या, साखरेच्या, फिटच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या ‘बंद करून बघू’ म्हणून कधीही बंद करू नका. अशा मोजणीचा आणि त्या गोळ्यांचा संबंध नाही.

आणि दारूचे वेगळेच आहे. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे, पण ते घेणाऱ्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. न सांगता दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. गुपचूप दिलेल्या पुडीत काय आहे, हे आपल्याला कोण सांगणार? रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिटही येऊ शकते. असे दिसले तर रेघा बाजूला ठेवून त्याला त्याच वेळी सरकारी दवाखान्यात न्यावे, आणि रोज किती पीत होता, शेवटचे कधी प्यायला, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.