गाडी अजून निळ्या खिडकीतच पळतेय

परवा शेजारची मुलगी प्रॅक्टिकलचं जर्नल घेऊन आली. बीएस्सी कॉम्प्युटर, दुसरं वर्ष. विषय कॉम्प्युटर ग्राफिक्स. "काका, प्रिंटर चालू आहे का?" म्हणाली. प्रिंट काढता काढता सहज वाचलं. टर्बो सी, ग्राफिक्स डॉट एच आणि शेवटचा प्रोग्रॅम : पळणारी गाडी. दोन वर्तुळं, वर एक चौकोन, झाली गाडी!

मित्रहो, टर्बो सी आलं १९८७ मध्ये. आजच्या कॉम्प्युटरवर ते सरळ चालतही नाही. जुन्या डॉसचं सोंग आणणारं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. आणि मुलीच्या खिशातल्या मोबाइलवर याच्या कैक पट ठिपके सेकंदाला ६० वेळा रंगवले जातात. ते कसं होतं, याचा जर्नलमध्ये पत्ता नाही.

आता कुणी म्हणेल, पत्रकाराला यातलं काय कळतं? बरोबर आहे. पण मी चार दिवस चौकशी केली, दोन प्राध्यापकांशी बोललो. एक सर म्हणाले, "अहो, पाया नको का?" हवाच. ब्रेसनहॅमने १९६२ मध्ये आयबीएममध्ये रेघ काढायची रीत शोधली. अपूर्णांक न वापरता, नुसत्या बेरीज-वजाबाकीवर. सुंदर डोकं आहे, शिकवा. पण अर्धं सत्र रेघ आणि वर्तुळातच गेलं, तर त्रिमितीला उरतं काय? शेवटचे दोन आठवडे, तेही "परीक्षेला येत नाही" म्हणून गाळलेले.

माझं म्हणणं एवढंच की सुरुवात चित्रापासून करा. रेल्वेचे रूळ लांब जाताना जवळ येतात, हे पोराला माहीत असतं. मग सांगा : बिंदू किती खोल आहे त्या अंतराने त्याच्या एक्स आणि वायला भागायचं, की लांबची वस्तू आपोआप लहान दिसते. एवढ्या एका भागाकारावर घन उभा राहतो. तो फिरवायचा म्हटलं की मॅट्रिक्स लागतं, आणि बारावीत रडवणारं तेच मॅट्रिक्स इथं कामाला येतं. मग प्रकाश, मग सावली. रेघेची रीत मध्ये कुठंतरी, गरज पडेल तेव्हा.

"लॅबला पैसे नाहीत" हे उत्तर तर मला पाठच झालंय. वेबजीएल २०११ पासून आहे, साध्या ब्राउझरमध्ये चालतं. ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे, एक रुपया लागत नाही. नसतं ते अभ्यास मंडळाचं मन. संलग्न कॉलेजांना अभ्यासक्रम बदलता येत नाही हे मान्य, पण अंतर्गत गुण तर कॉलेजच्याच हातात असतात ना? गाडीऐवजी आपल्या एसटी स्टँडची इमारत उभी करायला सांगा. बघा पोरं कशी भिडतात ते.

नाहीतर काय होतं? कॉलेजची फी भरून झाली की हीच पोरं शहरात ॲनिमेशनच्या क्लासला वेगळे पैसे भरतात. बाप सोयाबीन विकून.

त्या मुलीला मी फक्त भागाकाराची गोष्ट सांगितली. दोन दिवसांनी ब्राउझरमध्ये फिरणारा घन घेऊन आली. जर्नलवर मात्र सही गाडीच्याच प्रोग्रॅमवर होणार आहे, शनिवारी.